कामाशिवाय एकदा पुण्याला जा

कवठ्याहून पुण्याला कोण जात नाही? कोणी दवाखान्यात जातं, कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी पोराच्या ॲडमिशनसाठी. लग्न ठरलं की बस्ता बांधायला लक्ष्मी रोड. कांदा गेला की पट्टीसाठी मार्केट यार्ड. काम उरकलं की घड्याळाकडे बघायचं आणि अंधार पडायच्या आत मलठण गाठेल अशी गाडी धरायची. शंभर-दोनशे खेपा झालेली माणसं आपल्यात आहेत, पण तुळशीबागेत राम आहे हे त्यांना ठाऊक नाही. तिथल्या बांगड्या, टिकल्या, स्टीलची भांडी ठाऊक आहेत. त्याच दुकानांच्या पोटात शंभर फुटांहून उंच शिखराचं रामाचं देऊळ उभं आहे, ते बघायला मान वर करायची सवड कधी झालेली नसते.

मीही बरीच वर्षं तशीच गेले आणि तशीच आले. म्हणूनच शिरूर तालुक्यातल्या कवठे, सविंदणे, जांबूत, टाकळी हाजी, मलठण, कान्हूर मेसाई, पाबळ, सगळ्या शिवारांतल्या माझ्या भावाबहिणींना ही विनंती आहे. वर्षातला एक दिवस काढा. त्या दिवशी कसलंही काम बरोबर घेऊ नका. पुण्याच्या जुन्या पेठांतून आपल्या पायांनी, आपल्याच चालीने हिंडा. त्याला गाईड लागत नाही, सहलीची वर्गणी लागत नाही. पायांत झिजलेली, सवयीची चप्पल, पाण्याची बाटली आणि विचारायला तोंड, एवढं पुरतं.

मला हे कळलं ते योगायोगाने. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन पेठेतल्या एका दवाखान्यात आले होते. रक्त घेतलं अकराला, रिपोर्ट मिळणार होता चारला. नणंद त्यांच्यापाशी बसली आणि मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही जरा पाय मोकळे करून या." मी उठले, रस्ता ओलांडला, वाट फुटेल तशी सोमवार पेठेत शिरले. नागझरी ओढ्याच्या बाजूला इमारतींच्या गर्दीत एकदम काळ्या दगडाची कोरीव भिंत समोर आली. शिखर नाही, कळस नाही. नुसता दरवाजा आणि त्याच्या दोन्ही अंगांना इतकं कोरीवकाम की आधी कुठे बघावं ते कळेना.

आत एक आजोबा झाडत होते. त्यांनी मला विचारलं, "गेंडा बघितला का?" मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी झाडू ठेवला, बाहेर आले आणि भिंतीच्या खालच्या अंगाला बोट लावलं. खरंच गेंडा. साखळीने बांधलेला. आणि बांधणारे कोण, तर बंदुका घेतलेले, टोप्या घातलेले गोरे शिपाई.

हा त्रिशुंड गणपती. भीमगीरजी नावाच्या गोसाव्याने १७५४ साली याचं काम सुरू केलं आणि ते पुढे १७७० पर्यंत चाललं. प्लासीची लढाई १७५७ ची. म्हणजे इकडे दगडावर छिन्नी चालू असतानाच तिकडे बंगाल इंग्रजांच्या हातात जात होता. गेंडा हा बंगाल-आसामकडचा प्राणी, तेव्हा साखळदंडात पडलेला गेंडा म्हणजे बंगाल, असा अर्थ जाणकार लावतात. मी मात्र त्या दिवशी त्या कारागिराचाच विचार करत राहिले. त्याने गेंडा कधी पाहिला असेल? पुण्यात राज्य पेशव्यांचं, शहर भरात आलेलं, आणि एका देवळाच्या दारावर कोणीतरी दगडात लिहून ठेवलं होतं की फार लांब काहीतरी वाईट घडतंय.

आतली मूर्ती मोरावर बसलेली. गणपतीला तीन सोंडा. एक मोदकाच्या भांड्याला लागलेली, मधली पोटावर रुळलेली, तिसरी शेजारी बसलेल्या शक्तीच्या हनुवटीखाली, आपण लहान लेकराची हनुवटी धरतो तशी. गाभाऱ्यात संस्कृत शिलालेख आहेत आणि त्यांच्याच शेजारी एक फारसी शिलालेखही आहे. देवळाखाली तळघर आहे, त्यात पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उघडतात, कारण गोसाव्याची समाधी तिथे आहे. मी बराच वेळ त्या गार दगडापाशी उभी राहिले. चारला रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तोंडावर वेगळंच काय दिसतंय गं?" रिपोर्ट चांगला आला होता, पण ते मला अजून कळलेलं नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी मी एकदा तरी पेठा चालते. कधी लेकीला घेऊन, कधी बचत गटातल्या दोघी-तिघींना घेऊन, कधी एकटीच. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट जाण्याची. आपली गाडी नगर रोडनेच येते. कोरेगाव भीमाच्या पुलावर आलात की झोप बाजूला ठेवा आणि खिडकीतून विजयस्तंभाकडे बघा. १ जानेवारी १८१८ ला इथे जी फौज लढली ती आदल्या रात्री आपल्या शिरूरहूनच निघाली होती आणि याच वाटेने रात्रभर चालत आली होती. आपण ज्या रस्त्याला डुलक्या काढतो तो रस्ताच इतिहासातला आहे. पुढे वाघोली-खराडीची गर्दी पार झाली की रामवाडीच्या आसपास उतरता आलं तर उतरा. तिथून मेट्रो आहे. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची, स्वारगेटकडे जाणारी घ्यायची, की पुढचंच स्थानक कसबा पेठ. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही जमिनीखालची मेट्रो सुरू झाली आणि गावाकडून येणाऱ्याला जुनं पुणं खरोखर हाताशी आलं. सकाळी नऊच्या आत पोचा. उन्हं चढली की गल्ल्या तापतात आणि दुचाक्या अंगावर येतात.

कसब्यातून सुरुवात करा. सगळ्या पेठांत कसबा जुना. कसबा गणपती हे गावचं दैवत, जिजाऊंच्या श्रद्धेशी जोडलेलं. शेजारीच लाल महाल. चौथीच्या पुस्तकात शायिस्तेखानाची बोटं तुटलेली आपण सगळ्यांनी वाचली आहेत, ती रात्र ५ एप्रिल १६६३ ची आणि जागा हीच. पण मुलांना खरं सांगा, आज जी इमारत दिसते ती महापालिकेने १९८८ मध्ये पुरी केलेली नवी आहे. जुना लाल महाल कधीच गेला. जागा खरी आहे, भिंती नव्या आहेत. हा फरक लहानपणी कळला की मूल पुढे कुठेही फसत नाही.

पण कसब्यात माझा जीव अडकतो तो तांबट आळीत. तिथे पत्ता विचारावा लागत नाही, कानाने जाता येतं. ठक-ठक-ठक. एक थांबला की दुसरा सुरू. दारात उभं राहिलं तर आत एक माणूस जमिनीवर बसलेला, समोर लोखंडी दांडा पक्का रोवलेला, त्याच्यावर तांब्याचं भांडं पालथं, आणि हातातली हातोडी एकाच लयीत पडतेय. प्रत्येक ठोका भांड्यावर एक चकचकीत गोल खळगी उठवतो. डाव्या हाताने भांडं केसभर फिरतं, पुढची खळगी आधीच्या खळगीला खेटून बसते. ओळ संपते, खाली दुसरी ओळ. याला मठारकाम म्हणतात. दिसायला नक्षी वाटते, पण तो ठोका तांब्याला कठीण करतो. न मठारलेलं भांडं मऊ राहतं, लवकर पोचे येतात. माझ्या माहेरी आजीचं एक घंगाळ होतं, त्याच्यावरून मी लहानपणी बोटं फिरवायचे. त्या खळग्या नुसत्या शोभेच्या असं मी तीस वर्षं समजत होते. आजीच्या घंगाळाला कोणाच्या तरी हाताचे इतके ठोके पडलेले होते, हे मला तांबट आळीच्या दारात उभं राहिल्यावर कळलं.

तिथे फोटो काढायचा तर आधी विचारा. ते लोक दुकान मांडून बसलेले नाहीत, कामावर आहेत. दोन मिनिटं गप्प उभं राहा, मग नमस्कार करा, मग बोला. बहुतेक जण हात न थांबवता छान बोलतात. आणि परवडत असेल तर एखादा तांब्या तिथूनच घ्या.

शनिवारवाड्यात आपली पोरं शाळेच्या सहलीने जाऊन आलेली असतात. एका रांगेत आत, एका रांगेत बाहेर, गेटसमोर फोटो. तुम्ही मात्र दिल्ली दरवाज्यापाशी थांबा. दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे कोणत्या उंचीवर आहेत ते बघा. हत्तीने धडक मारायला डोकं घातलं तर जिथे लागेल तिथेच ते ठोकलेले आहेत. मग तटाकडे बघा, खाली दगड आणि वर वीट. आत गेल्यावर कळतं की वाडा असा उरलेलाच नाही, जोती उरली आहेत. १० जानेवारी १७३० ला पहिल्या बाजीरावाने पाया घातला, दोन वर्षांनी १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. सागवान जुन्नरच्या रानातून आलं, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीकडून. जुन्नरचं लाकूड म्हणजे आपल्या शेजारचंच. ते लाकूड २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटलं आणि आठवडाभर जळत राहिलं. आज आपण ज्या चौथऱ्यांवर उभे राहतो, त्यांच्यावर खांब होते, तुळया होत्या, मजले होते. सोळा पाकळ्यांच्या कमळासारखं हजारी कारंजं अजून ओळखू येतं. एका जोत्यावर बसा, डोळे मिटा आणि आपल्याकडच्या जुन्या वाड्याची माडी मनात आणा. मग तिला दहापट करा.

नारायणराव पेशव्याच्या हाकांच्या, भुताच्या गोष्टी मुलांना सांगू नका, असं माझं सांगणं आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला या वाड्यात अठरा वर्षांच्या मुलाला गारद्यांनी मारलं. घरच्याच माणसांचा त्यात हात होता. एवढी खरी गोष्ट पुरेशी भयंकर आहे. तिच्यावर भूत चढवलं की मुलं भुताला भितात आणि माणसांनी काय केलं ते विसरतात.

आता आपल्या तालुक्याची गोष्ट. वाड्याच्या पाच दरवाज्यांत एक मस्तानी दरवाजा आहे. बुंदेलखंडातून आलेली मस्तानी बाजीरावासोबत इथे राहिली. घरच्यांनी तिला कधी आपलं म्हटलं नाही. बाजीरावाने तिला जी गावं तोडून दिली त्यांत पाबळ आणि केंदूर आहेत. आपलं पाबळ, आपलं केंदूर. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, आणि थोड्याच दिवसांत मस्तानीही गेली. तिची कबर पाबळमध्ये आहे. तिचा मुलगा समशेर बहाद्दर १७६१ साली पानिपतच्या लढाईत मराठ्यांसाठी लढून गेला. शनिवारवाड्याच्या त्या दरवाज्याशी मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा एका पाटीवर तिचं नाव वाचून पुढे गेले होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा पाबळ आठवलं. ज्या गावच्या आठवडे बाजारातून मी शेंगदाणे आणते, त्या गावात हिचा शेवट झाला. त्यानंतर मला पुणं परकं वाटलं नाही.

वाड्यातून निघालात की पेठांची नावं वाचत चला. शनिवार, बुधवार, रविवार ही नावं वाटतात तितकी साधी नाहीत. बुधवार पेठ औरंगजेबाच्या काळात १७०३ साली मुहियाबाद नावाने वसली. गुरुवार पेठेला आधी वेताळ पेठ म्हणत. सदाशिव पेठेचं नाव पानिपतच्या सदाशिवराव भाऊंवरून. मारुतींचीही गंमत बघा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती. विठोबा निवडुंग्या, पासोड्या, उपाशी. निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांची पालखी उतरते, माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाशी. प्रत्येक नावामागे कोणीतरी माणूस, कसलं तरी झाड, एखादा धंदा नाहीतर भांडण आहे. देवळातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "काका, हे नाव कसं पडलं?" दोघं दोन गोष्टी सांगतील. दोन्ही ऐकून घ्या, खरी कोणती ते नंतर बघता येईल.

दगडूशेठ गणपतीच्या समोर, दर्शनाच्या रांगेच्या पलीकडे, एक जागा आहे. तिथे भिडेवाडा होता. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा तिथे भरवली. वर्षानुवर्षं तो वाडा मोडकळीला आलेला होता. दुकानांच्या पाट्यांआड गेलेला, माणसं त्याच्याकडे पाठ करून गणपतीला हात जोडत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो पाडला. आता तिथे राष्ट्रीय स्मारकाचं काम हाती घेतलेलं आहे. मी पाडण्याआधी दोनदा तिथून गेले होते आणि दोन्ही वेळा "पुढच्या वेळी नीट बघू" म्हणून पुढे सरकले. ती पुढची वेळ आली नाही. त्याची मला खंत आहे, आणि म्हणूनच तुम्हाला घाई करते. सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण-माती फेकत, म्हणून शाळेत जाताना त्या दुसरं लुगडं बरोबर नेत असत. आमच्या घरात सही करता येणारी पहिली बाई मी. माझी लेक आता बारावीला आहे. दर्शन घेतल्यावर एकदा वळून त्या जागेलाही हात जोडा.

इथेच आणखी एक सांगायचं आहे, नीट ऐका. त्याच भागातल्या काही गल्ल्यांत पोटासाठी शरीर विकणाऱ्या बायका दारांत उभ्या असतात. चुकून तिकडे वळलात तर टक लावून बघू नका, मोबाईल काढू नका, हसू नका. त्याही कुठल्या तरी गावाहून आलेल्या आहेत. खाली मान घालून पळण्याचीही गरज नाही. नेहमीच्या चालीने पुढे जा.

आता पाण्याकडे लक्ष द्या. हे कोणी दाखवत नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी-चुनेगच्ची नळाने शहरात आणलं. नळ म्हणजे माणूस आतून चालू शकेल एवढा. कुठे पंप नाही, नुसत्या उतारावर पाणी वाहायचं. मध्ये मध्ये उच्छ्वास बांधले होते, हवा खेळायला आणि गाळ काढायला. शहरात ते पाणी हौदांत पडायचं. काळा हौद, बुधवार हौद, नाना हौद. बायका तिथून हंडे भरायच्या. कुकडीचा कालवा यायच्या आधी पाण्यासाठी आपल्या आज्यांनी किती मैल तुडवले ते ज्यांनी ऐकलंय, त्यांना हौद बघताना दुसरं काही सांगावं लागत नाही.

पण हौदाच्या पाण्यालाही जात होती. सगळ्यांना ते शिवता येत नव्हतं. म्हणून १८६८ साली जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ते घर अजून आहे, फुले वाडा म्हणतात, आणि त्या पेठेला आता महात्मा फुले पेठच म्हणतात. मंडईपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. दुपारी ऊन असलं तरी जा. आवारात तो हौद आहे. त्याच्या काठाशी उभं राहून मुलांना एवढंच विचारा, "या पाण्याला हात लावायला बंदी होती, तर तुम्ही काय केलं असतं?" उत्तराची घाई करू नका.

मंडईत आपलाच माल येतो, तेव्हा तिथे सांगायचं ते थोडकं. ती मध्ये मनोरा असलेली इमारत १८८६ ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. पालिकेने शिक्षण सोडून बाजारावर एवढा पैसा घालावा याला सभासद असताना जोतीरावांनी विरोध केला होता. पुढे १९३८ साली त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. घाऊक बाजार नंतर गुलटेकडीला गेला, तरी किरकोळीचे गाळे आहेत तिथेच आहेत. एखाद्या भाजीवालीला विचारा कोथिंबीर कुठली. शिरूरची म्हणाली तर तिथेच ओळख निघते.

विश्रामबागवाडा बाहेरून बघितला तरी चालेल. दुसऱ्या बाजीरावाने १८०८ च्या सुमारास बांधलेला, दर्शनी भागाला सुरूच्या आकाराचे कोरलेले लाकडी खांब. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली. फार थकला असाल तर खांबांपाशी दोन मिनिटं थांबून पुढे जा, पाय केळकर संग्रहालयासाठी राखून ठेवा.

राजा दिनकर केळकर संग्रहालय शुक्रवार पेठेत आहे. दिनकर केळकरांचा राजा नावाचा लहान मुलगा गेला, त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभराचा संग्रह उभा केला आणि पुढे तो राज्य सरकारला दिला. वीस हजारांच्या वर वस्तू. तलवारी-ढाली आहेतच, पण मी सांगते ते बघा. अडकित्ते, विळ्या, पाट, दिवे, फण्या, दौती, सारीपाट. आपल्या आजीच्या हातातली वस्तू काचेमागे ठेवलेली दिसली की पोटात कसंतरी होतं. माझ्या बरोबरच्या एका बाईने मोराची विळी बघून तोंडाला पदर लावला. तिने तसलीच विळी गेल्या दिवाळीला भंगारात घातली होती. आणि तिथेच वरच्या मजल्याकडे जाण्याआधी विचारून घ्या, मस्तानी महाल कुठे आहे. कोथरूडला तिच्यासाठी बांधलेल्या वाड्यातले कोरीव भाग आणून तो तिथे पुन्हा उभा केलेला आहे. सकाळी दरवाजा, दुपारी महाल.

हे सगळं एका दिवसात व्हायलाच हवं असं नाही. सरळ चाललं तर तीन-साडेतीन किलोमीटरचीच वाट आहे, पण ती सरळ चालू नये. म्हातारं माणूस बरोबर असेल तर कसबा आणि शनिवारवाडा एवढंच करा. बायकांनी शौचालयाची सोय दिसली की वापरून घ्यावी, पुढे मिळेल या भरवशावर राहू नये. जेवण घरून बांधून न्या. देवळाच्या ओवरीत विचारून बसलात तर कोणी नाही म्हणत नाही, मात्र जागा पुसून उठा. जुन्या वाड्यांत माणसं राहतात. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून आत शिरू नका. "बघू का?" म्हटलं तर निम्मे लोक हो म्हणतात, आणि हो म्हणणारे चौक, देवडी, पाण्याचा आड सगळं हौसेने दाखवतात. निम्मे नाही म्हणतात, तो त्यांचा अधिकार. मुलांना एक वही द्या. पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी एकच ओळ लिहायची, तीही त्यांनी स्वतः काय पाहिलं याची. माझ्या लेकीच्या पहिल्या वहीत त्रिशुंड गणपतीपुढे लिहिलं होतं, "गेंड्याच्या पायाला साखळी आहे आणि तो खाली बघतोय." तो खाली बघतोय हे मला तोपर्यंत दिसलं नव्हतं.

शहर बघून झाल्यावर गावही वेगळं दिसायला लागतं. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर आपल्याच कवठ्याचे. त्यांच्या लावण्या आणि वग किती फडांनी गावोगाव नेले, राज्याने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ मध्ये ते गेले. बाहेरगावचा कोणी पाहुणा उद्या कवठ्यात पायी फिरायला आला आणि "ते कुठे राहत होते?" असं त्याने विचारलं, तर आपल्या पोरांना दाखवता येईल का? येमाईच्या देवळाबद्दल चार वाक्यं सांगता येतील का? यंदा आमच्या गटाने म्हाताऱ्या माणसांना विचारून हे लिहून काढायला घेतलं आहे. तुमच्या गावात तुम्हीही घ्या.

परत येताना, घरची गाडी असेल तर शिक्रापूरला नगर रोड सोडा आणि पाबळवरून कान्हूरमार्गे या. वाट थोडी लांबेल, पण दिवस मावळायच्या आत पाबळ होतं. साधी कबर आहे. मागच्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. लेकीने सकाळी कसब्यातून घेतलेली मोगऱ्याची वेणी दिवसभर केसांत माळून हिंडली होती. ती तिने काढली, जरा कोमेजली होती, दोन्ही हातांत धरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने ती कबरीवर ठेवली आणि आम्ही कवठ्याच्या वाटेला लागलो.